इंग्रजी निजेचे शब्द : कॅड्मनच्या गोठ्यापासून सैनिकाच्या चारपाईपर्यंत

रात्री अंथरुणाला पाठ टेकण्याच्या क्रियेसाठी इंग्रजी भाषकांनी गेल्या अकराशे वर्षांत वापरलेल्या शब्दप्रयोगांचा माझा संग्रह या पावसाळ्यात बराच पुढे सरकला आहे. ज्या प्रयोगाचा काळ लेखी पुराव्याने ठरवता येतो त्यालाच कार्ड द्यायचे, हा नियम पूर्वीचाच आहे. मात्र या वेळी प्रत्येक कार्डावर ‘तो माणूस कशावर झोपत होता?’ हा एक नवा रकाना वाढवला. या रकान्यामुळे संग्रहाची मांडणीच बदलली, कारण हे प्रयोग झोपेपेक्षा बिछान्याला अधिक चिकटलेले आहेत, असे मला आता ठामपणे वाटते.

सर्वांत जुने कार्ड कॅड्मन या जुन्या इंग्रजी कवीचे आहे. व्हिटबीच्या मठात, हिल्डा मठाधिपती असताना, जेवणाच्या पंगतीत वीणा आपल्याकडे येताना दिसली की हा माणूस गाता येत नसल्यामुळे उठून जात असे, आणि अशाच एका रात्री तो राखणीसाठी गोठ्यात गेला. बीड या इंग्रज मठवासी इतिहासकाराने 731 मध्ये लॅटिनमध्ये पूर्ण केलेल्या इतिहासातील ही कथा पुढे जुन्या इंग्रजीत आली, तेव्हा अनुवादकाने लिहिले की त्याने योग्य वेळी ‘आपले अवयव विसाव्यावर ठेवले’ आणि तो झोपी गेला. येथील ‘रेस्ट’ हा शब्द त्या काळी विश्रांती आणि बिछाना या दोन्ही अर्थांनी चालत असे. गोठ्यातल्या माणसाला पलंग नव्हता, तरी त्याच्या निजण्याला शब्द मात्र होता.

सर्वांत समृद्ध भर 16व्या शतकाची आहे. केंट परगण्यातील टॉमस हार्मन या गृहस्थाने दारी येणाऱ्या भटक्यांना विचारून विचारून त्यांची गुप्त बोली नोंदवली आणि 1567 च्या पुस्तकाच्या शेवटी तिची शब्दसूची दिली. तीत रात्रीला ‘डार्कमन्स’, दिवसाला ‘लाइटमन्स’, बिछान्याला ‘लिबेज’, गवताच्या काडाला ‘स्ट्रॉमेल’ असे शब्द आहेत. आणि पडून झोपणे याला ‘काउच अ हॉग्जहेड’ म्हटले आहे. हॉग्जहेड म्हणजे मोठे लाकडी पिंप. ते आडवे करावे तसे स्वतःचे डोके आडवे करायचे, असा हा विनोद असावा, असे माझे मत आहे. त्याच कार्डाशेजारी मी विल्यम हॅरिसनचे 1577 मधील वर्णन लावले आहे. एसेक्समधील त्याच्या गावच्या म्हाताऱ्यांना आठवत होते की त्यांच्या तरुणपणी लोक काडाच्या गाद्यांवर झोपत, उशाला गोल ओंडका घेत आणि उशी ही केवळ बाळंतिणीसाठी योग्य वस्तू मानत. घर असलेल्या शेतकऱ्यांची ही अवस्था होती, हे ध्यानात घेतले की भटक्यांच्या बोलीत काडाला स्वतंत्र शब्द का लागला, ते वेगळे सांगावे लागत नाही.

रोजनिशीकार सॅम्युएल पीप्सच्या ‘अँड सो टू बेड’ (आणि मग बिछान्याकडे) या कार्डावर मी फार वेळ घालवला नाही. त्याची 1660 ते 1669 ची रोजनिशी लघुलिपीत होती आणि ती प्रथम 1825 मध्ये छापली गेली. पण क्रियापद गाळून ‘टू बेड’ म्हणण्याची लकब त्याची स्वतःची नाही, कारण शेक्सपिअरच्या नाटकातील झोपेत चालणारी लेडी मॅकबेथही नेमके हेच शब्द पुन्हा पुन्हा उच्चारते.

गावांच्या नावांवरील कोट्या हा मात्र माझ्या विशेष आवडीचा विभाग आहे. जोनाथन स्विफ्टच्या 1738 मधील संवादांत एक पात्र आपण ‘लँड ऑफ नॉड’ला निघालो असल्याचे सांगते, तर दुसरे ‘बेडफर्डशर’ला. नॉड ही बायबलात काइन जाऊन राहिला ती भूमी असून, त्याच उच्चाराचा इंग्रजी शब्द पेंगताना मान लवण्यासाठी वापरतात. बेडफर्डशर हा खराखुरा परगणा, पण त्याच्या नावातच बिछाना दडलेला. फ्रान्सिस ग्रोसच्या 1785 च्या कोशातही ही कोटी आहे. पुढे मुलांना झोपवताना ‘लाकडी टेकडी चढून बेडफर्डशरला’ जायला सांगू लागले. ही टेकडी म्हणजे जिना. म्हणून त्या कार्डाच्या नव्या रकान्यात मी ‘माडीवरची खोली’ असे लिहिले आहे.

समुद्रावरील कार्डांमध्ये ‘टर्न इन’ (झोपायला जाणे) हा प्रयोग 17व्या शतकाच्या अखेरीचा आहे. येथे आपल्याशी खरा धागा जुळतो. इंग्रजीतील ‘कॉट’ हा आपल्याकडच्या ‘खाट’चाच अवतार असून, जहाजावर तो अधिकाऱ्यांच्या आणि आजाऱ्यांच्या टांगत्या कॅनव्हास बिछान्याला लागला. भारतातील गोऱ्या पलटणींनी चारपाईही उचलली. यूल आणि बर्नेल यांच्या 1886 च्या कोशात तिची नोंद आहे, आणि सैनिकांनी झोपा काढण्यालाच ‘चारपॉय बॅशिंग’ असे नाव दिले. म्हणजे अक्षरशः चारपाई बडवणे. ‘हिट द हे’ आणि दुसऱ्या महायुद्धात रूढ झालेले ‘हिट द सॅक’ या अमेरिकी प्रयोगांतही गवताला किंवा पोत्याला असाच तडाखा आहे, म्हणून ही तिन्ही कार्डे मी एकत्र ठेवली आहेत.

‘स्लीप टाइट’चा संबंध पलंगाच्या ताणलेल्या दोऱ्यांशी जोडणारी लोकप्रिय कथा मी संग्रहात घेतलेली नाही. ‘टाइट’चा ‘गाढ, नीट’ हा अर्थ त्या प्रयोगाला पुरेसा आहे, आणि नवा रकाना हाताशी असताना अशा कथांचा मोह अधिकच आवरला पाहिजे.

सध्या ‘किप’ची कार्डे लावत आहे. 1766 च्या ‘द व्हिकार ऑफ वेकफील्ड’मध्ये हा शब्द कुंटणखान्यासाठी येतो, मग तो स्वस्त मुक्कामाच्या जागेला, नंतर तिथल्या बिछान्याला आणि शेवटी झोपेलाच लागला. या एका शब्दासाठी चार कार्डे करून ती कालक्रमाने एकाच दोऱ्यात ओवण्याचे ठरवले आहे.