चार दिवसांचे तीन हजार

लाडकी बहीण योजनेचा माझा अर्ज भरला गेला ३ सप्टेंबर २०२४ ला. धाकट्या जावेचा ३० ऑगस्टला. सप्टेंबरच्या शेवटी तिच्या खात्यात एकदम ४,५०० रुपये आले, माझ्या खात्यात १,५००. घर एकच, चुली वेगळ्या, रेशनकार्डं दोघींची केशरी.

जुलैत योजना आली तेव्हा शेवटची तारीख १५ जुलै सांगितली होती, त्यामुळे गावात नुसती पळापळ. कुणीतरी म्हणालं, पहिला उत्पन्नाचा दाखला काढा. आमच्याकडे भाताची आवणी चालू. रोज बुडवून मी तालुक्याला तीन खेपा घातल्या. एकदा सर्व्हर बंद, एकदा कागद अपुरे, तिसऱ्यांदा रांगेतच चार वाजले. बाहेर झाडाखाली बसलेला एक जण "तीनशे द्या, परवा आणून देतो" म्हणत होता. दिले नाहीत, त्याचं अजून बरं वाटतं. पण दाखला हातात पडायला ऑगस्ट उजाडला.

तोवर मुदत ३१ ऑगस्टपर्यंत वाढली होती, आणि तोपर्यंत कधीही भरला तरी पैसे जुलैपासूनच मिळणार होते. मग मीच सैल पडले. राखीला माहेरी गेले ती चार दिवस राहिले.

परत आल्यावर अंगणवाडीत गेले तर ताईंपुढे फॉर्मांचा गठ्ठा. पोरांचा आहार, वजनं, आणि वर हे काम. एका अर्जामागे त्यांना पन्नास रुपये मिळायचे होते म्हणे, पण दिवसा साइट चालेना, म्हणून रात्री अकरानंतर घरी बसून भरायच्या. मला चिठ्ठीवर नंबर लिहून दिला. पिशवीतला दाखला बघून म्हणाल्या, "अगं, हा कशाला काढलास? केशरी कार्ड असलं की उत्पन्नाचा दाखला लागत नाही."

मी नुसती बघत राहिले. आधार, रेशनकार्ड, पासबुक, हमीपत्र, सगळं जुलैतच घरात होतं. ताई आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहतात, आणि मी विचारायला तालुक्याला गेले होते.

जावेचा अर्ज तिच्या भावाने मोबाइलवर भरून टाकला. माझा नंबर ३१ ला लागला, पण त्या रात्री साइट नुसती गोल फिरत राहिली. १ तारखेला ताईंकडे पाहुणे, २ ला पोळा. मुदत पुन्हा वाढली होती, म्हणून ३ ला रात्री साडेअकराला एकदाचा अर्ज गेला.

१,५०० आले तेव्हा वाटलं, राहिलेले मागून येतील. जावेचा अर्जही सप्टेंबरातच मंजूर झाला होता ना! ताईंनी समजावलं, "मंजुरी कधीही होऊ दे, अर्ज कधी भरला ते बघतात. ऑगस्टात भरला तर जुलैपासून, सप्टेंबरात भरला तर सप्टेंबरपासून." मागचं मागायची सोय नाही.

जाव म्हणाली, "ताई, त्यातले हजार घ्या." मी नको म्हटलं, पण दोन दिवस तिच्याशी धड बोलले नाही, हेही खरं. तिचा काय दोष?

दाखला तेवढा वाया गेला नाही. पोराच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाला लावला. तो मात्र पहिल्या दिवशी भरला.