गाढव नसलेला गेम

‘डोटा’ हा कॉम्प्युटर गेम सोडून ‘लीग’ या दुसऱ्या गेमकडे वळलेल्या नवख्याला पहिली आठवण येते ती गाढवाची. ‘डोटा २’मध्ये लढता लढता खरेदी करायची, सामान गाढव आणून देतं. ‘लीग ऑफ लेजंड्स’मध्ये ही घरपोच सेवा नाही. कीबोर्डवरचं ‘बी’ दाबून आठ सेकंद निमूट उभं राहायचं, तळावर जायचं, हवं ते घ्यायचं आणि पुन्हा पायपीट. कोपऱ्यावरच्या डेअरीतून कधी दुधाची पिशवीही न आणलेल्या माझ्या ऐरोलीच्या भाच्याला हे फार लागलं.

त्याची सुरुवात फोनवरच्या ‘मोबाइल लेजंड्स’ने झाली. जून २०२० मध्ये ५९ ॲपवर बंदी आली, त्यात तो गेम गेला आणि स्वारी कॉम्प्युटरकडे वळली.

वरवर पाहिलं तर सगळं एकच. पाचाविरुद्ध पाच, तीन रस्ते, मध्ये नदी, वाटेत टॉवर. दोघांचं मूळही एकच, ‘वॉरक्राफ्ट ३’वर चाहत्यांनी रचलेला नकाशा. पण सेक्टर नऊ वाशीतही आहे आणि ऐरोलीतही. एका ठिकाणची वळणं पाठ असून दुसरीकडे काय उपयोग?

मला सगळ्यात आवडतो तो डोटातला ‘डिनाय’. आपला सैनिक अर्धमेला झाला की आपणच त्याला संपवायचं, म्हणजे त्याला मारल्याचं सोनं समोरच्याला मिळत नाही. काय दुष्ट डोकं चाललंय! लीगमध्ये ही सोयच नाही, तरी भाच्याचा माउस सवयीने आपल्याच माणसांवर जातो. उलट लीगमधून डोटात आलेल्याला मेल्यावर सोनं कापलं गेलेलं दिसतं, आणि हीरो, म्हणजे आपण खेळवतो ते पात्र, नुसता मागे वळायलाही वेळ घेतो.

जाणते म्हणतात, नवख्याने एकच गेम धरावा. मला नाही पटत. हीरो नुसते पाठ करण्यापेक्षा शेवटचा घाव नेमका कधी घालायचा, कोपऱ्यातल्या छोट्या नकाशावर नजर कशी ठेवायची, हे दोन्हीकडे धडपडूनच अंगी मुरतं.

ताईचं मत मात्र डोटाला. त्यात चालू मॅच थांबवता येते, म्हणजे जेवायला हाक मारली की पोरगं उठणार. समोरचे अनोळखी लोक ती लगेच पुन्हा सुरू करू शकतात, हे भाच्याने तिला अजून सांगितलेलं नाही.