वर्ग कुठं भरवायचा, हे आधी ठरवा

प्रौढ शिक्षणात समतेचं काम म्हणजे सप्ताह, शपथ आणि बॅनरसमोरचा फोटो, असं आपल्याकडं बरेचदा होऊन बसतं. प्रत्यक्षात निम्मं काम जागा आणि वेळ ठरवतानाच होतं किंवा बिघडतं.

'उल्लास' या केंद्र सरकारच्या प्रौढ साक्षरता कार्यक्रमात 15 वर्षं आणि त्यावरच्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या कुणालाही नाव नोंदवता येतं. कागदावर दार सगळ्यांना उघडं. पण वर्ग देवळात भरवला की काही बायका महिन्यातले तीन-चार दिवस येत नाहीत, आणि कारण कुणी सांगत नाही. दलित वस्तीतल्या समाजमंदिरात भरवला तर वरच्या आळीला ते अचानक 'लांब पडतं'. दोन्हीकडं आलटून पालटून भरवण्याचा तोडगा चांगला वाटतो, पण आज कुठं आहे याचा घोळ होऊन दोन्हीकडची माणसं तुटतात. त्यातल्या त्यात जिल्हा परिषदेची शाळा बरी. मात्र बालवर्गाच्या बुटक्या बाकांवर साठीची माणसं बसवू नका. गुडघे दुखणाऱ्यांसाठी चार खुर्च्या मागून घ्या. पायरीची उंची फूटभर असेल तर उतार निदान बारा फुटांचा हवा. त्याहून खडा उतार चाकाच्या खुर्चीला निरुपयोगी.

वेळेचं गणित तालुक्यागणिक बदलतं. कराड, वाळव्याच्या ऊसपट्ट्यात भांगलणीला गेलेल्या बायका सांजच्याला परततात, मग चूल. साडेआठच्या आधी वर्ग भरवला की पुरुषच जास्त दिसतात. (मालिकेची वेळही विचारून घ्यावी, त्यात कमीपणा नाही.) माण, आटपाडीकडचे मेंढपाळ पावसाळा सरला की कळप घेऊन बाहेर पडतात. राज्यातली या कार्यक्रमाची पहिली परीक्षा 17 मार्च 2024 ला झाली. असल्या दिवसांत ही कुटुंबं वाड्यावर, म्हणजे कळपासोबतच्या तळावर असतात. त्यांचा वर्ग पावसाळ्यातच दाट ठेवावा आणि पुस्तकं सोबत द्यावीत. नाहीतर हजेरीपत्रकावर त्यांची 'गळती' दिसते आणि दोष त्यांच्या माथी येतो.

जतच्या पूर्वेकडच्या गावांत घरची भाषा कानडी. तिथं मराठी अक्षरासोबत दिलेला शब्दच अनोळखी असतो, मग अक्षर लक्षात राहायचं कसं? दोन्ही भाषा बोलणारी त्याच वस्तीतली सून किंवा मुलगा स्वयंसेवक म्हणून घ्यावा. बाहेरचा पदवीधर इथं दुय्यम.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष डोळ्यांकडं होतं. चाळिशीनंतर जवळचं पुसट दिसतं, आणि आपण म्हणतो, 'यांच्या डोक्यात शिरत नाही.' पहिल्याच दिवशी विचारा, सुईत दोरा ओवता येतो का? नाही म्हणणाऱ्यांना आधी ग्रामीण रुग्णालयात डोळे तपासायला पाठवा. चष्मा मिळेपर्यंत मोठ्या अक्षरांच्या पाट्या वापरा. परीक्षा 150 गुणांची. वाचन, लेखन, संख्याज्ञान, प्रत्येकी 50. छपाई दिसलीच नाही तर तिन्ही भागांत माणूस अडकतो.

हाक कशी मारली जाते तेही ऐका. विशीतला स्वयंसेवक पाटलांच्या आजोबांना 'अहो' आणि तेवढ्याच वयाच्या मातंग आजोबांना 'ए' म्हणत असेल, तर भिंतीवरचं समतेचं वाक्य उतरवून ठेवलेलं बरं. अहो-जाहो सगळ्यांना, असा नियम पहिल्या बैठकीत तोंडी सांगायचा आणि मोडला की बाजूला घेऊन टोकायचं, चारचौघांत नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढलं, तिथं सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, एकत्र जेवत. रोजच्या पंगतीनं जे साधतं ते व्याख्यानानं साधत नाही. म्हणून चहा ठेवाल तर कप एकाच जातीचे, म्हणजे एकाच डब्यातले असू द्या, आणि धुण्याची पाळी सगळ्यांची, पुरुषांचीसुद्धा.

हजेरीपत्रकात जात विचारू नका, वस्तीचा रकाना घाला. महिन्याच्या शेवटी पहिल्या आठवड्यातली नावं आणि चौथ्या आठवड्यातली नावं समोरासमोर ठेवा. गेलेली माणसं एकाच वस्तीतली निघाली, तर 'आवड नाही' हे उत्तर वहीत लिहू नका. त्या वस्तीतल्या एका बाईला गाठून, स्वयंसेवक सोबत न नेता, कारण विचारून या.