सह्याद्रीतला बेडूक, नातेवाईक सेशेल्सचे

आज दिवसभर वेगवेगळ्या बेडकांच्या १६एस या जनुकातल्या डीएनए-अक्षरांच्या रांगा एकाखाली एक जुळवत होतो. मॅफ्ट हे सॉफ्टवेअर ते काही सेकंदांत करतं, पण नंतर डोळ्यांनी तपासावंच लागतं: कुठलं अक्षर गळलंय, कुठलं मध्येच घुसलंय, रिकामी जागा नेमकी कुठे सोडायची. काही पट्टे इतके बदललेले, की सरळ कापून टाकले. संशयास्पद जुळणीवरून काढलेला वंशवृक्ष दिसतो देखणा, पण असतो थापाड्या.

संध्याकाळी वृक्ष आला. केरळच्या इडुक्कीतला जांभळा बेडूक, नासिकाबॅट्रॅकस, घाटातल्या बाकीच्या बेडकांना सोडून थेट हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांवरच्या बेडकांशेजारी! बिजू आणि बोसुइट या संशोधकांनी २००३ मध्येच हे दाखवलंय, तरी स्वतःच्या स्क्रीनवर पाहताना अंगावर काटा आला. जमिनीखाली वाळवी खात राहणारा, पावसाच्या तोंडावर जेमतेम वर येणारा हा गोळा समुद्र कसला ओलांडतोय? भारत आणि सेशेल्सची एकेकाळी जोडलेली जमीनच दुभंगली!

उद्या रॅग-१ हे दुसरं जनुक लावून बघतो. एकाच जनुकावर एवढा भरवसा नको.