दोन हजार, पण कशाचे?

त्या दिवशी जळगावात लख्ख ऊन होतं. पाऊस कोसळत होता तो वर, बैतूल-बऱ्हाणपूरकडे आणि पूर्णेच्या खोऱ्यात. तापीचा पूर बरेचदा असाच येतो, इथे आभाळ कोरडं असताना. म्हणून तापीवरच्या हतनूर धरणाचा मेसेज आला की डेस्कवरचं बाकी सगळं बाजूला, असा आमचा रिवाज.

संध्याकाळी सहाला आला : 'विसर्ग २,००० क्युमेक (७०,६२९ क्युसेक)'. ओळ लांबत होती, मी कंस उडवला. आणि बोटांच्या सवयीने 'क्युमेक'चं 'क्युसेक' झालं. क्युमेक म्हणजे सेकंदाला एक घनमीटर, हजार लिटर. क्युसेक म्हणजे एक घनफूट, जेमतेम २८ लिटर. एका अक्षरात मी पूर पस्तीस पटीने आटवला आणि बातमी गावोगावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सोडून चहाला गेलो.

साडेनऊला फोन. वाघूर तापीला मिळते त्याच्या खालच्या गावातले एक बाबा.

"तुमी तं दोन हजार लिहेल व्हतं ना भो? दोन हजारात आमच्या म्हशी बी भिजत नही. माह्या पान्याच्या दोन मोटारी गेल्या."

काय बोलणार? माणसं-गुरं वर होती, एवढंच नशीब. मी पुन्हा आकडे सांगायला लागलो, तर म्हणाले, "ते क्युसेक-बिउसेक राहू दे. पानी मारुतीच्या कोनत्या पायरीले लागीन, तेवढं सांग."

ते मला सांगता येईना. धरणावरच्या अभियंत्यांना फोन लावला. ते आधी चिडले, आणि बरोबरच होतं, "दोन्ही आकडे दिले होते ना तुम्हाला?" पायरीचं विचारलं तर म्हणाले, "पायरी मी कशी सांगू? खाली वाघूरला किती पाणी आहे त्यावर ती बदलते. माझ्या नावावर छापू नका." हेही बरोबरच. पण मग गावाने काय समजायचं? 'हतनूरचे ४१ दरवाजे उघडले' असा मथळा आम्ही दर पावसाळ्यात देतो. ते अर्धा मीटर की पूर्ण, हे आत कुठेतरी चौथ्या ओळीत. पाणीपातळी २१४ मीटर छापली, तर एकाने विचारलं होतं, धरण कुतुबमिनारच्या तिप्पट खोल आहे का! ती उंची समुद्रसपाटीपासूनची, हे लिहायचं आम्हाला सुचलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाबांकडे गेलो. पाणी उतरलं होतं, घाटावर चिखल, आणि मोटारीची तुटकी केबल बाभळीला गुंडाळलेली. "इथलोक आलं व्हतं," म्हणत त्यांनी काठी टेकवली. मी पायऱ्या मोजल्या. सात.

पुढच्या विसर्गाच्या बातमीत वाघूरची अट घालून लिहिलं, 'मागच्या वेळी ७० हजार क्युसेकला पाणी मारुतीच्या सातव्या पायरीपर्यंत आलं होतं.' यावेळी अभियंत्यांना आधी वाचून दाखवलं. दहाव्या मिनिटाला बाबांचा फोन.

"सातवी नही, आठवी. खालची एक गाळात दबेल व्हती."