मोंटूर ट्रेल: नारिंगी साक्याचं कोडं सुटलं

पिट्सबर्गजवळच्या जुन्या मोंटूर रेल्वेच्या मार्गावर केलेली चालण्या-सायकलची वाट म्हणजे मोंटूर ट्रेल, आणि तिच्यावरची मोरी वाहती झाली! जिथे पाणी सारखं ट्रेलवर येतं म्हणून गेल्या नोंदीत वैतागून लिहिलं होतं, त्याच कटिंगमध्ये, म्हणजे रुळांसाठी डोंगर कापून केलेल्या खिंडीत, शनिवारी धो धो पाऊस झाला आणि पाणी ट्रेलवर न चढता सरळ खाली ओढ्याला मिळालं. भिजत उभं राहून आम्ही सगळे बघत होतो.

घोडं अडलं होतं चरातल्या छिद्रांच्या पाइपपाशी. तो साफ केला की थोडे दिवस पाणी पळायचं, मग पुन्हा तुंबायचं, ट्रेलवर यायचं आणि चुनखडीचा कच घेऊन जायचं. सगळ्यांचा संशय पानगळीवर होता. या वेळी पाइप पुरता उकरून वर काढला, तर त्याला गुंडाळलेल्या गाळणीच्या कापडावर पानं नव्हतीच. बोटभर जाडीचा नारिंगी साका होता. म्हणजे हे नुसतं पावसाचं पाणी नाही, बंद खाणीचा पाझर आहे! जमिनीखाली हवा नसते तोवर लोह पाण्यात विरघळलेलं राहतं. उघड्यावर प्राणवायू लागला की त्याचा गंज होतो आणि तो तळाला बसतो. कापडाच्या बारीक जाळीत तर तो अडकणारच. १८७७ साली स्थापन झालेल्या या मोंटूर रेल्वेने पिट्सबर्गच्या परिसरातल्या खाणींचा कोळसा वाहिला, आणि त्या खाणी बंद पडल्या तरी त्यांचं पाणी वाहतंच आहे.

पाइप आता कायमचा बाद. त्या जागी उघडा चर खणून तळाला मुठीएवढे दगड लावलेत. साका डोळ्यांना दिसतो आणि फावड्याने उचलता येतो. या कामात मॅक्लिऑड या लांब दांड्याच्या दुहेरी अवजाराने जीव वाचवला: एका बाजूने खणा, दुसऱ्या बाजूने ओढा. गाळ हटल्यावर मोरीच्या तोंडाशी रेल्वेच्या काळातलं घडीव दगडकाम उघडं पडलं. एकही सांधा हललेला नाही. काय हात असतील त्या गवंड्यांचे!

वाहून गेलेल्या भागासाठी मागवलेली खडी मात्र धुतलेली आली. ती परत पाठवली. भुकटीशिवाय खडी बसत नाही आणि सायकलचं चाक रुततं. भुकटीसकट चुनखडीच हवी, पाणी मारून प्लेट कॉम्पॅक्टरने, म्हणजे जमीन ठोकून दाबणाऱ्या यंत्राने दाबलेली. दोन रुपये वाचवायला दुसरं काही घेऊ नका.

पुढच्या शनिवारी ही भुकटीसकट चुनखडी पसरायचीच असं ठरलं होतं. पण हे लिहिता लिहिता वाटतंय, आधी मोरीच्या वरच्या अंगाला एक रुंद, उथळ खड्डा केला तर? पाणी तिथे थोडं थांबेल, लोह तिथेच बसेल आणि मोरी स्वच्छ राहील. मात्र पाण्याची वाट बदलायची तर टाउनशिपला, म्हणजे इथल्या स्थानिक प्रशासनाला, आधी विचारावं लागेल, आणि विचारण्याआधी साका बसायला किती वेळ लागतो ते कळायला हवं. तेव्हा कच पसरणं पुढे ढकलू. शनिवारी रुंद तोंडाच्या काचेच्या बरण्या आणा. पाझराचं ताजं पाणी भरून, तोंड उघडं ठेवून, घड्याळ लावून बघू. कपडे जुनेच घाला, हा डाग निघत नाही.