मोरीचा तलाव आणि एक ठराव

मोरी हे नाव वाचून मराठी वाचकाला घरातली मोरी आठवणे साहजिक आहे, पण मी लिहीत आहे ते ऑस्ट्रेलियातील एका गावाविषयी. न्यू साउथ वेल्स राज्याच्या उत्तर भागात, सिडनीहून सहाशेपेक्षा अधिक किलोमीटरवर, गव्हाच्या आणि कापसाच्या शेतांमध्ये वसलेले हे गाव मूळचे कमिलरोई या आदिवासी लोकांच्या भूमीवरचे. १८९५ साली शेतीला पाणी मिळावे म्हणून येथे खोल कूपनलिका खणण्यात आली आणि ग्रेट आर्टेशियन बेसिन या अवाढव्य भूजलसाठ्यातले पाणी स्वतःच्या दाबाने उसळून वर आले. ते निघाले ऊन आणि क्षारयुक्त. पिकांना ते मानवेना, तेव्हा लोक त्यात अंघोळ करू लागले, सांधेदुखीला गुण येतो अशी त्याची ख्याती झाली आणि पुढे तेथे नगरपालिकेचा सार्वजनिक जलतरण तलाव उभा राहिला.

आईच्या गुडघ्यांसाठी म्हणून आम्ही गेल्या वर्षी तेथे गेलो. पाणी सुमारे ४१ अंशांचे. पहिले पाऊल टाकताना आपोआप मागे घेतले जाते आणि दहा मिनिटांनी बोटांच्या टोकांना सुरकुत्या पडतात. तिकिटाच्या खिडकीवर आम्हाला कोणी काही विचारले नाही. ही गोष्ट मला तेव्हाही जाणवली, कारण हाच तलाव कशासाठी प्रसिद्ध आहे, ते मी वाचून गेले होते.

१९५५ साली मोरीच्या नगरपालिकेने ठराव केला की आदिवासी किंवा आदिवासी रक्ताचे दिसणारे कोणीही तलाव, सभागृह आणि अन्य सार्वजनिक सोयी वापरू शकणार नाही. ‘दिसणारे’ या शब्दापाशी मी फार वेळ थांबले. माणसाचा हक्क दारावरच्या कर्मचाऱ्याच्या नजरेवर सोपवणारा तो शब्द होता. शाळेच्या पोहण्याच्या तासाला आदिवासी मुले वर्गासोबत पाण्यात उतरत. तास संपला की त्यांनी बाहेर पडायचे आणि गोऱ्या मित्रांनी पोहत राहायचे.

फेब्रुवारी १९६५ मध्ये सिडनी विद्यापीठाचे सुमारे तीस विद्यार्थी बसने राज्याच्या गावोगावी निघाले. वंशभेदाविरुद्ध अमेरिकेत निघालेल्या ‘फ्रीडम राइड’ या बसयात्रांवरून त्यांनी आपल्या प्रवासाला तेच नाव दिले होते आणि त्यांचे नेते होते चार्ल्स पर्किन्स, स्वतः आदिवासी समाजातले. मोरीत ते गावाबाहेरच्या वस्तीवर गेले (अशा वस्तीला तिकडे ‘मिशन’ म्हणत), तेथील मुलांना बसमध्ये घेतले आणि तलावाच्या दारात येऊन तिकिटे मागितली. बरीच वादावादी झाल्यावर मुलांना आत सोडण्यात आले. पाण्यात उभे असलेले पर्किन्स आणि त्यांच्याभोवती हसणारी मुले, असे एक छायाचित्र आहे. या लढ्याचे म्हणून बहुतेक ठिकाणी तेच छापले जाते.

मला मात्र त्यानंतरचा भाग अधिक मोलाचा वाटतो. बस पुढच्या गावी गेली आणि मोरीत बंदी पुन्हा लागू झाल्याची बातमी आली. विद्यार्थी परतले. २० फेब्रुवारीला ते पुन्हा मुलांना घेऊन त्याच दारात उभे राहिले. या वेळी समोर शेकडोंचा संतप्त जमाव होता. अंडी, टोमॅटो आणि खडे फेकले गेले, विद्यार्थ्यांना धक्काबुक्की झाली, काही तास हे चालले. अखेर ठराव मागे घेण्याबाबत महापौरांकडून आश्वासन मिळाले, तेव्हाच ते पोलीस बंदोबस्तात गावाबाहेर पडले. एका दुपारपुरते पोहायला मिळाले म्हणून ते समाधान मानून घेऊ शकले असते, पण त्यांना तो लिहिलेला ठराव जायला हवा होता.

माझे माहेर महाडचे आहे, त्यामुळे ठराव आणि पाणी यांचा संबंध मला कोणी समजावून सांगावा लागला नाही. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांसाठी खुले असल्याचा ठराव केला होता, पण अस्पृश्य मानलेल्यांना त्या पाण्याला हात लावणे अशक्यच राहिले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो लोक तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले; त्यानंतर त्यांच्यावर हल्ले झाले, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला तो ठरावच रद्द केला. उच्च न्यायालयाचा निकाल बाबासाहेबांच्या बाजूने लागायला १९३७ साल उजाडले. महाडचा ठराव दार उघडणारा होता, मोरीचा दार लावणारा. दोन्ही गावांत पाण्यापर्यंत पोहोचण्यासाठी माणसांना अंगावर मार घ्यावा लागला.

२०१३ मध्ये मोरीच्या या तलावाचा समावेश ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय वारसा यादीत झाला, आणि तोही त्याच्या बांधकामासाठी नव्हे, तर १९६५ साली त्याच्या दारात जे घडले त्यासाठी. आईला हे सगळे मी पाण्यात बसूनच सांगितले. ती गळ्यापर्यंत गरम झऱ्यासारख्या त्या पाण्यात बसली होती, ऐकून झाल्यावर तिने विचारले, “ती मुले आता किती वर्षांची असतील गं?” मी हिशेब केला. साधारण तिच्याच वयाची.